आयटीआय झालेला भाऊ चाकणहून परत आला, आता कुठला कोर्स लावू?

ताईंचा प्रश्न लांब आहे म्हणून नंतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात लिहितो. धाकटा भाऊ, वय २०, परभणी जिल्ह्यातलं गाव, सरकारी आयटीआयमधून फिटर, ७४ टक्के. पास होऊन आठ महिने झाले. गावातल्या एकाच्या ओळखीने चाकणला एका कंपनीत लागला होता पण ११ दिवसांत घरी परत आला आणि तेव्हापासून कुणाशी फार बोलत नाही. मामा म्हणतात ३५ हजार भरून पुण्याला सीएनसीचा (कम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचा) कोर्स कर, वडील म्हणतात पोलीस भरतीची तयारी कर, आणि ताई विचारतायत की नक्की कुठला कोर्स लावला तर मुलगा मार्गी लागेल.

मी आधी टूलरूममध्ये, म्हणजे जिथे साचे-डाय बनतात तिथे होतो, मग बरीच वर्षं कंपनीच्या ट्रेनिंग डिपार्टमेंटला, नवीन पोरं घ्यायची, त्यांना लाइनवर उभं करायच्या आधी तयार करायचं, हे काम. आता एका आयटीआयमध्ये प्लेसमेंटचं बघतो. त्यामुळे जे लिहितोय ते शॉप फ्लोअरच्या, म्हणजे कारखान्यात मशीन-लाइनवरच्या नोकऱ्यांबद्दल आहे, आयटी किंवा बँकेतल्या मुलांना यातलं निम्मं लागू होणार नाही.

ताई, राग मानू नका, पण तुमच्या एवढ्या मोठ्या प्रश्नात एक वाक्य नाहीये, की भाऊ काय म्हणतो. मामा काय म्हणतात ते आहे, वडील काय म्हणतात ते आहे, शेजारच्याचा मुलगा कुठे लागला तेही आहे. ११ दिवसांनी तो का परत आला हे त्याने सांगितलंय का, का तुम्ही सगळ्यांनी मिळून "त्याला झेपलं नाही" असं ठरवून टाकलंय? कारण पुढचं सगळं त्या एका उत्तरावर अवलंबून आहे, कोर्सवर नाही.

परत येण्याची कारणं माझ्या बघण्यात तीन-चार प्रकारची असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. एक, अंगाला झेपत नाही, म्हणजे आठ तास उभं राहणं, थर्ड शिफ्ट, दिवसा एका खोलीत सहा जण असताना झोप न लागणं. हे महिन्या-दीड महिन्यात बहुतेकांचं जमतं, फक्त पहिले पंधरा दिवस फार वाईट असतात आणि हे आधी कुणी सांगितलेलं नसतं त्यामुळे पोराला वाटतं आपल्यातच काहीतरी कमी आहे. दोन, सुपरवायझर किंवा कॉन्ट्रॅक्टरचा माणूस आईबहिणीवरून बोलला. आपल्याकडे हे होतं, आणि त्यावर उठून आलेल्या पोराला मी नावं ठेवणार नाही. तीन, काम सांगितलं एक आणि दिलं दुसरं, फिटर म्हणून नेलं आणि पॅकिंगला किंवा लोडिंगला उभं केलं. चार, खायचे-राहायचे हाल, म्हणजे पहिला पगार हातात यायला महिना-सव्वा महिना लागतो आणि तोवर कॉटचं भाडं, मेस, डिपॉझिट कुठून द्यायचं हा हिशोब घरून निघतानाच केलेला नसतो. तुमच्या भावाचं यातलं कुठलं हे मला माहीत नाही. तिसरं असेल तर पोरगा चांगला आहे असं मी म्हणेन, त्याला स्वतःच्या ट्रेडची किंमत कळते.

हे विचारायचं कसं तर सगळ्यांसमोर जेवताना नाही. दोघंच असताना, "का आलास" असं न विचारता "तिथे सकाळी किती वाजता उठायचास, गेटमधून आत गेल्यावर काय करायचास" असं विचारा. दिवस सांगता सांगता कारण आपोआप बाहेर येतं.

आता ओळखीने नोकरी लागली म्हणजे बहुतेक काय झालं असणार ते सांगतो, कारण गावाकडे "कंपनीत लागला" या दोन शब्दांत सगळं एकच वाटतं पण गेटच्या आत पोरांचे निरनिराळे प्रकार असतात. एक म्हणजे कंपनी रोलवरचे, पर्मनंट, ते आता कमीच असतात. दुसरे कॉन्ट्रॅक्टवरचे, म्हणजे काम कंपनीत पण पगार लेबर कॉन्ट्रॅक्टर देतो, आणि सहा-सात महिने झाले की ब्रेक. हा ब्रेक का देतात तर वर्षात २४० दिवस भरले की कामगाराला कायद्याने काही हक्क मागता येतात, ते होऊ नये म्हणून. मग पोरगं सात महिने इथे, सात महिने तिथे, असं चार-पाच वर्षं फिरतं आणि पंचविशीत त्याच्याकडे ना एका कामाचा अनुभव असतो ना कागद. कुठे काय केलं विचारलं तर कंपन्यांची नावं सांगतो, काम सांगता येत नाही. तिसरे अप्रेंटिस, म्हणजे ठरलेल्या मुदतीसाठी शिकाऊ म्हणून घेतलेले.

माझा सल्ला सरळ आहे, पहिलं वर्ष अप्रेंटिसशिपलाच द्या. अप्रेंटिसेस अ‍ॅक्ट १९६१ चा आहे, जुना कायदा, पण २०१६ पासून केंद्राची एनएपीएस (अप्रेंटिसशिपला चालना देणारी) योजना आली आणि सगळं सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर गेलं. फिटर आयटीआय झालेल्याला साधारण एक वर्षाची अप्रेंटिसशिप असते, कंपनीबरोबरचा रीतसर करार पोर्टलवर नोंदवला जातो, शेवटी परीक्षा होते आणि नॅशनल अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट मिळतं, आपल्याकडे सगळे एनएसीच म्हणतात. स्टायपेंड किमान किती द्यायचा हे नियमाने ठरलेलं असतं. २०१९ च्या नियमांत आयटीआयवाल्यांना महिना ७००० धरले होते, मोठ्या कंपन्या त्याहून जास्त देतात, कॅन्टीन आणि बस वेगळी. स्टायपेंडचा २५ टक्के भाग, जास्तीत जास्त १५०० रुपये, सरकार देतं.

लगेच घरचे म्हणणार, कॉन्ट्रॅक्टवर १५-१६ हजार मिळतात, मग इतक्या कमीत वर्ष कशाला घालवायचं? घरात खरोखर नड असेल, कर्जाचा हप्ता असेल, वडिलांना काम होत नसेल, तर हा प्रश्न बरोबर आहे आणि मग कॉन्ट्रॅक्टवर जा, त्यात कमीपणा नाही. पण तुम्ही ३५ हजार कोर्सला भरायला तयार आहात म्हणजे घर चार-सहा महिने कळ काढू शकतं असं मी धरतो. तेच पैसे कोर्सवाल्याला देण्यापेक्षा अप्रेंटिसशिपमधली तूट भरायला वापरा. अप्रेंटिसला शिकवायचं असतं हे निदान कागदावर तरी कंपनीला बांधलेलं असतं, त्यामुळे त्याला मेंटेनन्स, टूलरूम, असेंब्ली, क्वालिटी असं फिरवलं जाण्याची शक्यता जास्त. सगळीकडे फिरवतात असं नाही हां. काही ठिकाणी अप्रेंटिसला स्वस्तातला ऑपरेटर म्हणूनच वापरतात, त्यामुळे जायच्या आधी त्याच कंपनीत मागच्या वर्षी होते अशा दोन पोरांना फोन करून विचारायचं, त्यांचे नंबर आयटीआयच्या निदेशकांकडे मिळतात. आणि वर्ष संपल्यावर कंपनीने नोकरी द्यायलाच पाहिजे असं कायद्यात नाही, हे पण आत्ताच समजून घ्या म्हणजे नंतर मनस्ताप नको. अप्रेंटिसला पीएफ-ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) पण लागत नाही, मात्र कामावर इजा झाली तर भरपाई मिळते.

फिटरला रेल्वेचा रस्ता पण आहे आणि तो बऱ्याच पोरांना माहीत नसतो. मध्य रेल्वे दरवर्षीसारखी अप्रेंटिसची जाहिरात काढते, मुंबई, भुसावळ, पुणे, नागपूर, सोलापूर अशा क्लस्टरमध्ये, आणि निवड लेखी परीक्षेने नाही तर दहावीचे आणि आयटीआयचे मार्क मिळून मेरिटने होते. वयाची अट १५ ते २४, राखीव प्रवर्गांना सवलत. तुमच्या भावाचे आयटीआयचे ७४ आहेत, दहावीचे किती ते तुम्ही लिहिलं नाहीत. रेल्वेत अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांना पुढे लेव्हल १ च्या, म्हणजे सगळ्यात खालच्या पगारश्रेणीच्या भरतीत २० टक्के जागा राखून असतात, त्यासाठीही परीक्षा द्यावी लागतेच, पण गर्दी तुलनेने कमी. एसटी महामंडळाच्या विभागांतही अप्रेंटिस घेतात. आणि हे सगळं शोधायला कुठे पुण्याला जायची गरज नाही, जिल्ह्याच्या मुख्य आयटीआयमध्ये बीटीआरआयचं ऑफिस असतं, अप्रेंटिसचं काम तेच बघतात. तिथे जायचं. कोण जाणार? तो जाणार. तुम्ही नाही.

हे मी मुद्दाम लिहितोय. माझ्याकडे येणाऱ्या दहा फोनपैकी निम्मे वडिलांचे, भावाचे, मामाचे असतात, "सर आमच्या मुलाचं बघा जरा". मुलगा बाजूलाच बसलेला असतो, त्याला फोन दे म्हटलं की "हा सर, हा सर" याच्या पुढे गाडी जात नाही. आयटीआयचा फॉर्म नेट कॅफेवाल्याने भरलेला, ईमेल आयडी पण त्यानेच काढलेला, पासवर्ड कुणालाच माहीत नाही. आधारला मोबाइल नंबर वडिलांचा, वडील शेतात, ओटीपी येतो आणि एक्स्पायर होतो. आपण प्रेमाने करतो सगळं, पण वीस वर्षांच्या मुलाला स्वतःच्या नावाचं एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः केल्याचा अनुभवच नसतो, आणि मग आपण त्याला एकदम शेकडो किलोमीटरवर अनोळखी माणसांत सोडतो आणि म्हणतो टिकला नाही. माझ्या मते तुमच्या भावाला कमी पडतंय ते हे. सीएनसी नाही.

म्हणून तयारी म्हणाल तर पहिला महिना घरीच. त्याचा स्वतःचा नंबर आधारला जोडायचा, त्याने जाऊन. नवा ईमेल त्याने काढायचा, नावाचा साधा, "किंगबॉय" वगैरे नको. आधार, पॅन, दहावीची मार्कशीट, आयटीआयचं सर्टिफिकेट आणि बँकेचं पासबुक, या पाचांवर नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळतेय का ते एका कागदावर लिहून काढायचं. हे फालतू वाटेल, पण पीएफची केवायसी अडकते ती इथेच, आणि अप्रेंटिसच्या पोर्टलवरही. एका ठिकाणी वडिलांचं नाव मधे आहे, एका ठिकाणी नाही, असं असलं तर दुरुस्तीला महिनाभर जाऊ शकतो, तो घरी असताना जाऊ दे. राज्याच्या महास्वयम पोर्टलवर पण नाव नोंदवून ठेवायचं, रोजगार मेळाव्यांची माहिती तिथे येते. आणि हो, या महिन्यात त्याने रोज एका ठरलेल्या वेळेला कुठेतरी कामाला जायचं, गावातलं वेल्डिंगचं दुकान, ट्रॅक्टर गॅरेज, पंपाचं रिवाइंडिंग, काहीही, पैसे नाही मिळाले तरी चालेल. वेळेवर पोचायचं, दुसऱ्याचं ऐकायचं, हात काळे करायचे, एवढंच. आठ महिने उशिरा उठणाऱ्या शरीराला फर्स्ट शिफ्टची सवय एका रात्रीत लागत नाही.

सीएनसीच्या कोर्सबद्दल विचारलंत म्हणून सांगतो, मी कोर्सच्या विरोधात नाही. सीएनसी-व्हीएमसीच्या ऑपरेटरला, सेटरला मागणी आहे, भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर, कुठेही जा. पण ऑपरेटिंग म्हणजे बऱ्याच कंपन्यांत जॉब लावा, बटण दाबा, जॉब काढा, मोजा. हे कंपनीत चार दिवसांत फुकट शिकवतात. पैसे द्यायचे ते सेटिंग आणि प्रोग्रॅमिंग शिकायला, टूल ऑफसेट, वर्क ऑफसेट, जी कोड-एम कोड, इन्सर्ट कुठला वापरायचा आणि का. ते वर्षभर शॉप फ्लोअरवर राहिलेल्याला पटकन कळतं आणि न राहिलेल्याच्या डोक्यावरून जातं. त्यामुळे कोर्स करायचाच तर अप्रेंटिसशिपनंतर. सरकारी टूलरूम आहे, छत्रपती संभाजीनगरला इंडो जर्मन टूल रूम, तिथलं आधी बघा, परभणीहून जवळही आहे. खाजगी ठिकाणी भरणार असाल तर पैसे भरायच्या आधी चालू बॅचमध्ये जाऊन अर्धा दिवस उभं राहायचं आणि बघायचं की प्रत्येक पोराचा हात मशीनला दिवसातून किती वेळ लागतो, का वीस पोरं एका मशीनभोवती उभी आहेत आणि बाकी सगळं कम्प्युटरवर सिम्युलेटर. "१०० टक्के जॉब गॅरंटी" लिहिलेलं असेल तर मागच्या बॅचमधल्या चार जणांची नावं मागा, ते आता कुठे आहेत विचारा. गॅरंटीची नोकरी म्हणजे बऱ्याचदा तोच कॉन्ट्रॅक्टर असतो ज्याच्याकडे तुमचा भाऊ ११ दिवस राहून आला, फक्त या वेळी ३५ हजार भरून.

आता इंटरव्ह्यू. पोरं यूट्यूबवर बघून इंग्लिशमध्ये "मायसेल्फ अमुक अमुक, आय अ‍ॅम फ्रॉम" असं पाठ करून येतात, दुसऱ्या वाक्याला अडकतात आणि मग तोंडच उघडत नाही. शॉप फ्लोअरच्या इंटरव्ह्यूला मराठी-हिंदी चालतं, समोरचा सुपरवायझरही बहुतेक सोलापूरचा नाहीतर बीडचाच असतो. मी काय बघायचो ते सांगतो. समोर एक व्हर्निअर ठेवायचा आणि एक जॉब, आणि म्हणायचं मोज. लीस्ट काउंट विचारला की ०.०२ मिलिमीटर हे सगळे पाठ सांगतात, पण हातात घेतल्यावर आधी झिरो एरर (बंद असताना शून्यावर आहे का) बघणारा दहात एखादाच. मायक्रोमीटरचा लीस्ट काउंट ०.०१, बरं, मग रॅचेट कशासाठी असतो? एम-१० चा टॅप मारायचाय, आधी ड्रिल कितीचं मारशील? साडेआठचं, कारण पिच दीड, दहातून दीड वजा. हे फिटरला झोपेतून उठवलं तरी यायला पाहिजे. मग एक ड्रॉइंग द्यायचं आणि विचारायचं यात भोकं किती आहेत, कुठल्या बाजूने आहेत. आणि शेवटी, आयटीआयमध्ये केलेला कुठलाही एक जॉब सांग.

या शेवटच्या प्रश्नावर सगळ्यात जास्त पोरं पडतात. दोन वर्षं फायलिंग केलेलं असतं, डोव्हटेल फिटिंगचा (दोन तुकडे तिरक्या खाचेत एकमेकांत बसवायचा) जॉब केलेला असतो, पण सांगता येत नाही, "सर फिटिंग केली" एवढंच. ज्याने खरंच केलंय तो म्हणतो की सर मार्किंग केलं, आधी चेन ड्रिलिंग करून मटेरियल काढलं, मग फाइल केली, एका बाजूने जास्त गेलं होतं, उजेड दिसत होता, मग दुसरा पीस घेऊन परत केला. मला त्याचा जॉब चांगला झाला होता का याच्याशी घेणंदेणं नव्हतं. बिघडलेला कुठे हे ज्याला सांगता येतं त्याने हाताने केलंय आणि तो उद्या लाइनवर पीस रिजेक्ट झाला तर लपवणार नाही, एवढं मला कळायचं. लपवलेला एक पीस पुढे गेला आणि कस्टमरकडून आला तर अख्खा लॉट उघडून तपासावा लागतो, त्यामुळे ही गोष्ट ट्रेनिंगवाल्याच्या डोक्यात कायम असते.

म्हणून तुम्ही घरी एवढं करा, त्याला सांगा की तुझा आयटीआयचा एक जॉब मला समजावून सांग, मला फिटरमधलं काही कळत नाही असं धरून, मराठीत, पाच मिनिटं. मधे मधे प्रश्न विचारा. पहिल्या दिवशी दीड मिनिटात संपेल. दहाव्या दिवशी तो तुम्हाला वहीत आकृती काढून दाखवायला लागेल. रेझ्युमेही यातूनच होतो, एक पान, वर नाव-नंबर-गाव, मग ट्रेड आणि मार्क, आणि केलेले तीन-चार जॉब, वापरलेली मशीन, मोजायची साधनं. "हार्ड वर्किंग, ऑनेस्ट, टीम प्लेअर" हे सगळ्यांच्यात असतं, ते कुणी वाचत नाही. हॉबी "लिसनिंग म्युझिक" पण काढा.

नोकरी लागल्यानंतरचं, कारण खरी गळती तिथेच होते. पहिल्या महिन्यात सुपरवायझर कौशल्य बघत नाही हो, तो बघतो की हा उद्या येणार का. न येणाऱ्या माणसामुळे त्याची लाइन थांबते. त्यामुळे आजारी असेल तर शिफ्ट सुरू व्हायच्या आधी फोन, मेसेज नाही, फोन, आणि तो त्याने स्वतः करायचा, आईने नाही. गावाला लग्न असेल तर पंधरा दिवस आधी सांगायचं. आपल्याकडची पोरं नेमकी पंचमीला, दिवाळीला, पेरणीला न सांगता जातात, आठ दिवसांनी येतात आणि गेट बंद, मग म्हणतात काढून टाकलं. दुसरं, समजलं नाही तर विचारायचं. पोरं मान डोलावतात कारण दुसऱ्यांदा विचारलं तर ओरडतील अशी भीती. "सर मी परत सांगतो, बरोबर आहे का बघा" हे एक वाक्य शिकवा, त्याने निम्मी भांडणं मिटतात. तिसरं सेफ्टी, शूज, गॉगल, हातात कडं-अंगठी नाही, फिरत्या मशीनजवळ हातमोजे नाहीत, ड्रिलवर हातमोजा अडकून बोटं गेलेली मी बघितलीत, यात चेष्टा नको. मोबाइल लाइनवर न्यायचाच नाही.

आणि पगाराची स्लिप वाचता आली पाहिजे. समजा कॉन्ट्रॅक्टवर लागला आणि बेसिक-डीए मिळून १२,००० आणि बाकीचे भत्ते ३,०००, म्हणजे एकूण १५,०००. पीएफ १२ टक्क्यांनी १,४४०, ईएसआयसी ०.७५ टक्क्यांनी ११३, प्रोफेशनल टॅक्स २००, फेब्रुवारीत ३००. हातात १३,२४७, त्यातून कॅन्टीन-बस असेल तर वेगळं. तुम्हाला सांगितलेले "पंधरा हजार" आणि हातात आलेले तेरा यात चोरी असतेच असं नाही. पण तेवढाच पीएफ मालकानेही भरायचा असतो आणि ईएसआयसीचे ३.२५ टक्के पण, आणि काही कॉन्ट्रॅक्टर कापतात आणि भरत नाहीत, त्यामुळे यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, पहिल्या पगारालाच मागून घ्यायचा आणि उमंग अ‍ॅपवर पासबुक दर दोन महिन्यांनी बघायचं. यूएएन आयुष्यभर एकच, कंपनी बदलली तरी तोच द्यायचा, दर वेळी नवीन काढू द्यायचा नाही. ईएसआयसी २१ हजारपर्यंत पगार असणाऱ्यांना लागते आणि त्यात घरच्यांचाही इलाज होतो, आईवडील अवलंबून असतील तर त्यांचाही, हे घरी कुणाला माहीतच नसतं. ओव्हरटाइम असेल तर कायद्याने दुप्पट दर. सगळीकडे देतात का, नाही. पण किती मिळायला पाहिजे ते माहीत असावं.

कुणीही नोकरी लावायला पैसे मागितले, रजिस्ट्रेशन म्हणा, ड्रेसचे म्हणा, डिपॉझिट म्हणा, तिथेच थांबायचं. मोठ्या कंपनीच्या लेटरहेडवर व्हॉट्सअ‍ॅपवर ऑफर लेटर येतं आणि खाली क्यूआर कोड असतो, परभणी-हिंगोलीकडची कितीतरी पोरं यात पैसे घालवून बसलीत. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लगेच फोन, जितका लवकर तितकी पैसे अडवायची शक्यता जास्त.

पोलीस भरतीचं वडिलांना थेट नाही म्हणू नका. शिपायासाठी खुल्या प्रवर्गाला २८ पर्यंत वय चालतं, मागासवर्गीयांना ३३, म्हणजे त्याच्याकडे वेळ आहे. पण मैदान ५० मार्कांचं आणि लेखी १००, आणि भरती कधी निघेल याचा नेम नाही, दोन-दोन वर्षं वाट बघत अकॅडमीची फी भरत बसलेली पोरं गावोगाव आहेत. १६०० मीटर तो गावात सकाळी पळू शकतो, अप्रेंटिसशिप चालू असताना सुट्टीच्या दिवशी पण पळू शकतो. वडिलांना सांगा की वर्षभर हे करू दे, अप्रेंटिसचा कागद हातात येऊ दे, मग जाहिरात आली तर पूर्ण जोर लावू. आणि भावाला पोलिसात जायचंच आहे का, हे पण विचारलंय का कुणी? मला तुमच्या लिहिण्यावरून वाटतंय, नाही.

तुमच्याकडून काय लागेल ते सांगतो, कारण तुम्ही मोठी बहीण आहात आणि घरात तुमचं ऐकतात असं दिसतंय. जाताना त्याच्याकडे दीड महिन्याचा खर्च असला पाहिजे, कॉट, मेस, येणं-जाणं आणि थोडे हाताशी, हिशोब त्याने स्वतः मांडायचा, तुम्ही फक्त पैसे द्यायचे. एकट्याला पाठवू नका, त्याच्याच बॅचमधला एखादा बरोबर असला की टिकायची शक्यता खूप वाढते, हे मी वर्षानुवर्षं बघतोय. रोज रात्री फोन करून "कसं आहे, झेपतंय ना" विचारू नका, आठवड्यातून दोनदा पुरे, आणि पगाराबद्दल नाही, आज काय शिकलास याबद्दल विचारा. सुपरवायझरचा नंबर घेऊन त्याला फोन तर अजिबात नाही, एकदा घरून फोन आला की ते पोरगं लाइनवर सहा महिने चेष्टेचा विषय होतं. दीड महिन्याच्या आत येतो म्हणाला तर सुट्टी काढून दोन दिवस ये म्हणा, सामान घेऊन नको. दीड महिन्यानंतरही नको म्हणाला तर मात्र ऐका, तेव्हा त्याच्याकडे कारण असेल.

रेल्वेच्या मेरिटचं विचारायचं असेल, किंवा बीटीआरआयमध्ये काय सांगितलं ते दाखवायचं असेल, तर इथेच लिहा. तुम्ही नका लिहू ताई, त्याला लिहू दे, दहावीचे मार्क, प्रवर्ग आणि पास झालेलं वर्ष टाक म्हणावं, मी बघून सांगतो.